मोटारीची मागची बैठक

आमच्या घरात मोटार घ्यावी की नाही यावर वाद झाला, तो फार पूर्वी. तो एका बैठकीत मिटला. परंतु कोणती मोटार घ्यावी यावर गेल्या वर्षी जो वाद सुरू झाला, तो साऱ्या चातुर्मासास पुरला. आमच्या धाकट्या बंधूंचे चिरंजीव आपल्या उद्योगात चांगले स्थिरावले आहेत. आता घरात एक उंची सेडान यावी व तीत वडील मंडळींनी सुखाने बसावे, असे त्यांच्या मनाने घेतले. हेतू स्तुत्यच होता. अडचण एवढीच की, सुख कशास म्हणावे याविषयी एकत्र कुटुंबात जितकी माणसे तितकी मते असतात.

मुलांस छतावर उघडणारी काच हवी होती. सुनांनी आसनातून गार वारा सोडणारी सोय मागितली. बंधूंस उत्तम ध्वनियंत्रणा पाहिजे होती. आमच्या वडील भगिनी, आक्का, यांचे गुडघे दुखतात. त्यांनी दोनच प्रश्न विचारले. दार पुरते उघडते काय, आणि बैठक चामड्याची आहे काय? पहिल्या प्रश्नाने सर्वांस विचार करावयास लावले, कारण सेडान गाडी मुळात ठेंगणी. तीत बसताना वाकावे लागते आणि उतरताना गुडघ्यांवर भार येतो. दुसऱ्याचे निरसन सोपे होते. हल्ली चांगल्या गाड्यांतूनही कृत्रिम चामडे मिळते. आमचे मत मात्र कोणी फारसे विचारले नाही. त्याचे कारण आम्हांस ठाऊक होते व घरासही ठाऊक होते. ते पुढे येईल.

एके दिवशी चिरंजीवांबरोबर आम्ही दुकानात गेलो. तेथील तरुणाने आम्हांस मागच्या डाव्या बैठकीवर बसविले व एक कळ दाबली. पुढचे रिकामे आसन आपोआप पुढे सरकले आणि आमच्या पायांपुढे चांगले अंगण तयार झाले. आमच्या देशात गाडीचा मालक मागे बसतो, हे परदेशी कारखानदारांनी बरोबर ओळखले आहे. मर्सिडीजचा पुण्याजवळ चाकण येथे 2009 पासून कारखाना आहे. त्या कंपनीने ई-क्लास सेडानची लांबविलेली आवृत्ती 2017 मध्ये आपल्या देशात आणली. तिच्या पुढच्या व मागच्या आसांमधील अंतर 3,079 मिलिमीटर, म्हणजे मूळ गाडीहून 140 मिलिमीटर अधिक. ही सारी वाढ मागच्या उतारूच्या पायांसाठी! रथी मागे व सारथी पुढे, ही व्यवस्था आमच्या रक्तातलीच म्हणावयाची.

तरुणाने मग रंग बदलणारे दिवे, पाठ चेपणारी आसने व आपोआप वर चढणारे पडदे दाखविले. आम्ही सर्व ऐकून घेतले व विचारले, "मागच्या बैठकीचे पट्टे कसे आहेत?" तो हसून म्हणाला, "आजोबा, मागे पट्टा कोण बांधतो?" चिरंजीवांनी आमच्याकडे पाहिले आणि लगेच मान वळविली.

त्या पाहण्याचा अर्थ येथे सांगणे प्राप्त आहे. तीन वर्षांपूर्वी जुन्या गाडीतून आम्ही सर्व नाशिकास निघालो होतो. चिरंजीव गाडी चालवीत होते. त्यांचा मुलगा, आमचा नातू, तेव्हा साडेतीन वर्षांचा होता. निघताना चिरंजीव म्हणाले, "काका, त्याच्यासाठी वेगळे आसन आणले आहे, त्यात बसवू. आणि तुम्हीही पट्टा लावा." आम्ही उत्तर दिले, "तुला मांडीवर घेऊनच आम्ही गावोगाव हिंडलो. आमच्या हातांवर तुझा विश्वास नाही काय?" पट्टा लावणे तर शक्यच नव्हते. त्या गाडीस आम्ही हौसेने मखमली खोळी शिवून घेतल्या होत्या व त्यांखाली पट्ट्यांची कुलपे कायमची गाडली गेली होती. चिरंजीव वडिलांपुढे बोलत नाहीत. ते गप्प राहिले.

वाटेत पुढची मालमोटार एकाएकी थांबली. चिरंजीवांनी ब्रेक दाबला व गाडी आदळता आदळता वाचली. परंतु नातू आमच्या हातांतून असा निसटला की, हात रिकामे झाल्याचे आम्हांस मागाहून कळले. पुढच्या आसनावर त्याचे कपाळ आपटले व भुवईवर चार टाके पडले. याहून वाईट घडले नाही, ही ईश्वराची कृपा. आमची नव्हे! आम्ही तर पुढे कित्येक महिने येईल त्यास सांगत होतो की, "याने ब्रेक फार जोरात दाबला." ज्याने गाडी वाचविली, त्याच्याच माथी आम्ही दोष मारला. सूनबाईंनी शब्दही काढला नाही. तेच आम्हांस अधिक लागले.

शाळेत आमच्या शेजारच्या वर्गात विज्ञानाचे शिक्षक जडत्वाचा नियम शिकवीत. तो भिंतीपलीकडून आम्ही वर्षानुवर्षे ऐकला. ताशी 80 किलोमीटर वेगाने जाणारी गाडी सेकंदाला सुमारे 22 मीटर धावते. गाडी थांबली तरी आतील देह त्याच वेगाने पुढे जाऊ पाहतो. मग प्रेमाने धरलेले हात तेथे काय पुरणार? 4 सप्टेंबर 2022 रोजी पालघर जिल्ह्यात सूर्या नदीच्या पुलावर सायरस मिस्त्री यांच्या गाडीस अपघात झाला. गाडी उंची होती. पुढचे दोघे वाचले. मागचे दोघे गेले. मागच्या दोघांनी पट्टे लावले नव्हते, असे पोलिसांनी सांगितले. ती बातमी वाचून आम्ही वर्तमानपत्राची घडी घातली आणि त्या रात्री आम्हांस झोप आली नाही.

तीन ठिकाणी अडकणारा हा पट्टा स्वीडनच्या व्होल्वो कंपनीतील निल्स बोलिन नामक अभियंत्याने सिद्ध केला व 1959 मध्ये तो गाड्यांत आला. हे गृहस्थ पूर्वी विमानातून वैमानिकास बाहेर फेकणाऱ्या आसनांचे काम करीत. त्यांनीच मनुष्यास आत धरून ठेवण्याची युक्ती काढावी, हे नवलच! कंपनीनेही ती इतर कारखानदारांस वापरू दिली. ब्रेक दाबताना चाके जखडू न देणारी योजना 1978 मध्ये मर्सिडीजच्या एस-क्लास या उंची सेडानमध्ये आली. आपल्या देशात एप्रिल 2019 पासून ती साध्या प्रवासी मोटारीसही सक्तीची आहे. यावरून आम्ही एक कसोटी बांधली. जे उद्या गरिबाच्या गाडीतही असावे असे वाटते, तेच आज श्रीमंताने पैसे मोजून घेण्याजोगे. बाकीचे दिव्यांचे रंग.

त्या कसोटीने आम्ही चिरंजीवांस आमची यादी दिली. आघाताच्या क्षणी आवळले जाणारे पट्टे मागच्या बैठकीसही असावेत. बाजूच्या एअरबॅग मागेही असाव्यात. मात्र एअरबॅग ही पट्ट्याची मदतनीस आहे, त्याच्या जागी ती चालत नाही, हे ध्यानात ठेवावे. मुलाचे आसन पक्के अडकविण्यासाठी बैठकीत आयसोफिक्सच्या कड्या असाव्यात. दार रुंद उघडावे व बैठक फार खोल नसावी, म्हणजे आक्कांस कोणाचा हात धरावा लागणार नाही. गतिरोधकावर पोट घासणार नाही इतकी गाडी उंच असावी. वायपर व हवा यांची बटणे हातास चाचपून सापडावीत. त्यांसाठी पडद्यात डोके घालावे लागू नये. छतास काच असली तर असो, परंतु चालत्या गाडीत तिच्यातून एकाही मुलाने डोके बाहेर काढावयाचे नाही.

यादीच्या शेवटी आम्ही एक ओळ लिहिली : "त्या दिवशी ब्रेक बरोबर दाबला गेला होता. चूक आमची होती." चिरंजीवांनी कागद वाचला, घडी करून खिशात ठेवला व म्हणाले, "काका, खोळी मात्र शिवावयाच्या नाहीत हं." घरात पुष्कळ दिवसांनी मोकळे हसू झाले.

कठोपनिषदात शरीरास रथ, बुद्धीस सारथी व मनास लगाम म्हटले आहे. हे रूपक आम्ही मुलांस वर्षानुवर्षे समजावून सांगितले. परंतु लगाम फक्त घोड्यांस हवा, रथात बसलेल्यास नको, अशी आमची समजूत होती. आता नवी गाडी दारात आहे. नातू आपल्या आसनात बसतो व आमचा पट्टा खटकन लागल्याचा आवाज येईपर्यंत बापास गाडी सुरू करू देत नाही.

वाचकांपैकी कोणी उंची गाडी घेतील, कोणी घेणार नाहीत. परंतु ज्यांच्या दारात कोणतीही मोटार उभी आहे, त्यांनी आज सायंकाळी मागच्या बैठकीची खोळ उचलून पाहावी. पट्ट्याचे कुलूप तेथेच असेल. त्याचे पैसे आपण गाडी घेतानाच दिलेले आहेत.