खरखरीखालची माणसे

हौशी रेडिओला संगणक जोडला, की कान निवृत्त होतात. ध्वनीची तार लावली, संगणकाचे घड्याळ सेकंदाला जुळवले आणि ७.०७४ मेगाहर्ट्झ लावले. ऐकू येते ती नुसती खरखर. पडद्यावर मात्र दूरदेशीची संकेतनामे उमटतात! २०१७ साली आलेल्या या 'एफटी८' पद्धतीच्या कर्त्यांपैकी जो टेलर हे १९९३ चे नोबेल-मानकरी खगोलशास्त्रज्ञ. खरखरीत बुडालेला संदेशही ती वर काढते. पण १५ सेकंदांच्या पाळीत मावते काय? संकेतनाम, नकाशावरचा चौकोन, संदेशाच्या जोराचा आकडा आणि निरोपाचा '७३'. खुशाली विचारायला उसंतच नाही. पोच मिळते, ओळख होत नाही. म्हणूनच माझा मायक्रोफोन मी अजून माळ्यावर टाकलेला नाही.