तेल सांध्याला हवे

माजी विद्यार्थ्याने शाळेच्या स्मरणिकेत लिहावे, ते वसतिगृहातील दिवस, गुरुजनांचे ऋण आणि सवंगड्यांच्या आठवणी यांविषयी, असा प्रघात आहे. त्या आठवणी माझ्यापाशीही पुष्कळ आहेत. परंतु माझे अनेक सहाध्यायी त्या माझ्याहून सरस शब्दांत मांडतील याची मला खात्री आहे. माझे आयुष्य दुचाकींच्या सहवासात गेले. दहावीनंतरच्या सुट्टीत दिग्रसच्या एका गॅरेजमध्ये पाने पुसण्यापासून सुरुवात केली, पुढे आयटीआयचे शिक्षण घेतले आणि आज त्याच विषयाचे धडे मी मुलांना देतो. म्हणून या अंकासाठी मी माझ्या हातातला विषय निवडला आहे: मोटारसायकलची साखळी आणि तिचे वंगण. विषय वाचून काही वाचकांना हसू येईल. त्यांनी शेवटपर्यंत वाचावे, एवढी विनंती.

आपल्या शाळेत मूल कसे पोहोचते, याचा विचार करावा. दिग्रस, दारव्हा, पुसद, आर्णी, मानोरा या तालुक्यांतील खेड्यांतून पालक येतात. एसटी फाट्यापर्यंत असते. फाट्यापासून पुढे, आणि अनेकदा घरापासूनच, बापाची मोटारसायकल असते. टाकीवर धाकटे भावंड, मागे शाळेत सोडायचे लेकरू, त्याच्या मागे आई, आईच्या मांडीवर कपड्यांची पिशवी आणि बाजूला दोरीने बांधलेली पत्र्याची पेटी. हे बरे की वाईट, हा प्रश्न वेगळा. जिथे दुसरे वाहन नाही तिथे लोक असेच येतात. इंजिनाची सारी ताकद या कुटुंबाला पुढे नेण्यासाठी चाकापर्यंत पोहोचते ती केवळ सव्वा मीटरच्या एका साखळीतून. ती साखळी चेनकव्हरच्या आत झाकलेली असते. म्हणून तिच्याकडे कोणाचे लक्ष जात नाही.

गॅरेजचे मिस्त्री बोलायला मोजके होते. पहिल्याच आठवड्यात त्यांनी माझ्या हाती तेलाचा डबा दिला आणि माझे काम थोडा वेळ पाहत उभे राहिले. मग म्हणाले, ‘‘बाबू, तेल साखळीले नाही, सांध्याले पाह्यजे.’’ एवढे बोलून ते आपल्या कामाला लागले. पुढे आयटीआयमध्ये साखळीची आकृती फळ्यावर पाहिली, तेव्हा त्या एका वाक्यात किती शास्त्र भरले आहे ते उमगले.

मोटारसायकलची साखळी बाहेरून पट्ट्यांची माळ दिसते. आत पाहिले तर प्रत्येक सांध्यात एक पिन असते, पिनेभोवती बुश नावाची बारीक नळी आणि त्या नळीभोवती सुटा फिरणारा रोलर. रोलर चकतीच्या दात्यावर टेकतो. साखळी वाकते तेव्हा मात्र झीज होते ती आत, पिन आणि बुश यांच्यामध्ये, जिथे डोळ्यांना काहीच दिसत नाही. स्वित्झर्लंडमध्ये जन्मलेल्या हान्स रेनॉल्ड या अभियंत्याने इंग्लंडमधील मँचेस्टर येथे १८८० मध्ये ही रचना सिद्ध केली. जगातील बहुतेक सायकली आणि मोटारसायकली आजही मूलतः तिच्यावरच चालतात. भारतात १९८५ मध्ये हिरो होंडाची सीडी १०० आली, त्याच वर्षी वाळूजला बजाजचा कारखाना उभा राहिला आणि पुढच्या दोन दशकांत शंभर सीसीची दुचाकी आपल्या खेड्यापाड्यांत पोहोचली. इंजिने बदलली, दिवे बदलले, मीटर बदलले. साखळीचा सांधा मात्र रेनॉल्डचाच राहिला.

या सांध्याला किती श्रम पडतात, याचा हिशेब मी दरवर्षी माझ्या विद्यार्थ्यांकडून करून घेतो. साखळीला शंभर कड्या, मागच्या चकतीला ४२ दाते आणि चाकाचा घेर १.९ मीटर धरावा. एका किलोमीटरमध्ये चाक सुमारे ५२६ वेळा फिरते आणि साखळीच्या सुमारे २२० फेऱ्या होतात. प्रत्येक फेरीत प्रत्येक सांधा चार वेळा हलतो: पुढच्या चकतीवर चढताना वाकतो, उतरताना सरळ होतो, मागच्या चकतीवरही तसेच. म्हणजे किलोमीटरमागे जवळपास नऊशे वेळा, आणि पाचशे किलोमीटरमध्ये साडेचार लाखांच्या घरात. आता त्या सांध्यात तेलाऐवजी धूळ आहे अशी कल्पना करावी. धूळ आणि उरलेसुरले तेल यांचा जो लगदा होतो, तो पॉलिश कागदासारखा पोलाद घासत राहतो.

‘साखळी ताणली’ असे आपण म्हणतो. वस्तुतः पोलादी पट्टी ताणली जात नाही. प्रत्येक सांध्यात पाव मिलिमीटर झीज झाली, तर शंभर सांध्यांची मिळून पंचवीस मिलिमीटर, म्हणजे पूर्ण एक इंच लांबी वाढते. ही वाढलेली साखळी मग चकतीच्या दात्यांवर नीट बसत नाही. दात्यांच्या टोकांवर चढते आणि त्यांना आकड्यासारखे वाकडे करते. एका भागाची झीज अशी दुसऱ्याच्या नाशास कारण होते.

हे सारे आपल्या पूर्वजांना परके नव्हते. बैलगाडीच्या काळात गाडीखाली वंगणाची बांबूची नळी टांगलेली असे, आणि लांबच्या प्रवासाला निघण्यापूर्वी आसाला वंगण दिल्याशिवाय जाणता गाडीवान गाडी जुंपत नसे. चाकाचा आवाज ऐकून तो ओळखत असे की आस कोरडा पडला आहे. पोळ्याच्या आदल्या दिवशी आपल्या वऱ्हाडात खांदशेकणी होते. जू जिथे टेकते, वर्षभर जिथे घासले जाते, त्या खांद्याला हळद आणि तूप लावून शेक दिला जातो. अंग धुणे, शिंगे रंगवणे नंतर येते. आधी भार वाहणारी जागा. मिस्त्रींचे वाक्य मला या परंपरेतलेच वाटते. घरात बैलाऐवजी मोटारसायकल आली, पण ही दृष्टी तिच्यासोबत आली नाही. आपण टाकी पुसतो, आरसे चमकवतो, नंबरप्लेटवर नाव रंगवतो, आणि जिथे भार टेकतो ती जागा कोरडी राहते.

आपल्या भागाचे हवामान साखळीची कठीण परीक्षा पाहते. एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशी ओलांडतो. तेल पातळ होऊन ओघळते आणि पांदण रस्त्यांची धूळ त्याच्या जागी बसते. पावसाळ्यात काळ्या मातीचा चिखल चाकात आणि मडगार्डमध्ये गच्च भरतो, आणि पाणी सांध्यांत शिरून गंज आणते. खरिपाच्या दिवसांत याच गाडीवर खताचे पोते, फवारणीचा पंप, वैरणीचा भारा असतो. गाडीच्या पुस्तिकेत तेल देण्याचे जे अंतर छापलेले असते, ते बऱ्या रस्त्यासाठी असते. शेतातून जाणाऱ्या गाडीला ते त्याहून लवकर द्यावे लागते.

एक प्रसंग सांगतो. काही वर्षांपूर्वी दिवाळीच्या सुट्टीनंतर एक पालक आपल्या मुलीला शाळेत सोडायला येत होते. वाटेत साखळी चकतीवरून उतरली, कव्हर आणि चकती यांच्यामध्ये अडकली आणि मागचे चाक एकाएकी जाम झाले. दोघेही पडले. वेग कमी होता म्हणून जिवावरचे हातावर निभावले. पण मुलीच्या मनगटाला प्लॅस्टर बसले आणि लिहिता हात तोच असल्याने तिची चाचणी परीक्षा बुडाली. गाडी दुरुस्तीला आली तेव्हा मी तिथे होतो. ते गृहस्थ निष्काळजी मुळीच नव्हते. दर रविवारी ते साखळीला तेल देत असत. पण ते तेल इंजिनातून काढलेले जळके ऑइल होते, आणि ते साखळीच्या बाहेरच्या पट्ट्यांवर ओतले जात होते. बाहेरून साखळी काळी, ओली, तेलकट. पिना मात्र कोरड्या आणि झिजलेल्या. ते पुन्हा पुन्हा म्हणत होते, ‘‘साहेब, मी तं दर हप्त्याले तेल टाकतो!’’ त्यांच्या डोळ्यांतील अपराधी भाव मला अजून आठवतो. अपराध त्यांचा नव्हता. तेल कुठे आणि कोणते द्यायचे, हे त्यांना कोणी सांगितलेच नव्हते. हा लेख मी त्यांच्यासारख्या कष्टाळू पालकांसाठीच लिहीत आहे.

म्हणून आता कृती सांगतो. गाडी डबल स्टँडवर उभी करावी, न्यूट्रलमध्ये ठेवावी आणि इंजिन बंद करून चावी काढून घ्यावी. ही अट सर्वांत महत्त्वाची आहे. इंजिन चालू ठेवून, चाक आपोआप फिरत असताना साखळी पुसणाऱ्यांची बोटे चिंधीसह चकतीत ओढली गेल्याचे प्रकार घडतात. तुटलेले बोट पुन्हा येत नाही. चाक हातानेच, सावकाश फिरवावे.

साखळी बंद कव्हरमध्ये असेल तर कव्हर उघडून घ्यावे. जुन्या दातांच्या ब्रशला रॉकेल लावून चारही बाजूंनी मळ काढावा आणि कोरड्या चिंधीने पुसावा. पेट्रोल वापरू नये. ते चटकन पेट घेते, आणि मोठ्या गाड्यांच्या साखळ्यांत सांध्याशी बसवलेली रबरी कडी असते, ती खराब होते. नंतर तेल. नव्वद ग्रेडचे गिअर ऑइल आपल्या साध्या साखळीला उत्तम. ते दाट असते, तरी सांध्यात झिरपते. जळके ऑइल नको. त्यात धातूचा कीस आणि आम्ल असते. साधे ग्रीस बाहेरून थापू नये. ते आत जात नाही, उलट धूळ धरून ठेवते. तेल साखळीच्या खालच्या पदराला, आतल्या बाजूने, दोन पट्ट्या जिथे एकमेकींवर येतात त्या फटीत थेंबाथेंबाने सोडावे, एकदा डावीकडून आणि एकदा उजवीकडून. आतून दिलेले तेल चाक फिरताना बाहेरच्या दिशेने फेकले जाते आणि सांध्यातून जाते. गाडी चालवून आल्यावर साखळी कोमट असताना तेल दिले तर ते अधिक सहज मुरते. पंधरा-वीस मिनिटांनी बाहेरचे जास्तीचे तेल पुसून टाकावे. बाहेर राहिलेले तेल केवळ धुळीला निमंत्रण देते. रात्री तेल देऊन सकाळी गाडी काढणे सर्वांत चांगले. साधारण पाचशे किलोमीटरला एकदा आणि गाडी धुतल्यावर किंवा चिखलातून आल्यावर आवर्जून, एवढा नियम पुरे.

ढिलाईही पाहावी. दोन्ही चकत्यांच्या मध्यावर साखळी बोटाने वर-खाली करून पाहावी. शंभर सीसीच्या बहुतेक गाड्यांना २० ते ३० मिलिमीटर हालचाल योग्य असते, तरी आपल्या गाडीची पुस्तिका प्रमाण मानावी. चाक थोडे थोडे फिरवून तीन-चार ठिकाणी मोजावे आणि साखळी जिथे सर्वांत घट्ट लागेल, तेथील माप धरावे. ढिली साखळी उतरते. फार घट्ट साखळी गिअरबॉक्सचे आणि चाकाचे बेअरिंग खाते, आणि पेटीसह तिघे बसले की ती आणखी आवळते. चाक मागे सरकवताना दोन्ही बाजूंच्या खुणा सारख्या असाव्यात, आणि शेवटी मागचा ब्रेक तपासावा, कारण चाक सरकले की ब्रेकची ढिलाईही बदलते. चेनलॉकच्या चिमट्याचे बंद तोंड साखळी ज्या दिशेने धावते त्या दिशेला आहे ना, हेही पाहावे. चकतीचे दाते टोकदार किंवा वाकडे दिसू लागले तर साखळी आणि दोन्ही चकत्या एकत्रच बदलाव्यात. जुन्या चकतीवरची नवी साखळी लवकरच जुनी होते.

तरुण मित्रांना एक वेगळी विनंती. गाडी ‘स्पोर्टी’ दिसावी म्हणून चेनकव्हर काढून टाकण्याची पद्धत पडली आहे. त्या कव्हरमुळे साखळी धुळीपासून वाचते. आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे मागे बसलेल्या आईचा पदर, बहिणीची ओढणी आणि लहान मुलाचा पाय साखळीपासून दूर राहतो. काढले असेल तर परत बसवावे. साडी-गार्डही सैल झाले असेल तर त्याचे बोल्ट आवळून घ्यावेत.

या साऱ्याला महिन्यातून दोन-तीनदा अर्धा तास लागतो, आणि गिअर ऑइलची एक बाटली कितीतरी महिने पुरते. वसतिगृहात आपण सर्वांनी आपापली ताटे, कपडे, खोल्या स्वतः स्वच्छ ठेवायला शिकलो. तेच हात हे काम सहज करतील. आठवी-नववीच्या मुलामुलींनीही ते वडिलांजवळ बसून शिकावे. मुलींनी विशेष शिकावे. उद्या त्या स्वतःच्या गाडीवर महाविद्यालयात आणि नोकरीवर जाणार आहेत.

माजी विद्यार्थ्यांच्या संमेलनाच्या दिवशी शाळेच्या मैदानालगत दुचाकींची रांग लागते. यंदा जेवणानंतर मी त्या रांगेच्या टोकाशी, झाडाच्या सावलीत बसणार आहे. सोबत गिअर ऑइल, रॉकेल, ब्रश आणि चोवीस नंबरचा पाना असेल. ज्या पालकांना, मित्रांना आपली साखळी तपासून घ्यायची असेल त्यांनी अवश्य यावे. येताना जुनी सुती चिंधी मात्र घरूनच आणावी. चिंध्या नेहमी कमी पडतात.