बर्फात कुणाबरोबर जायचं

कोल्हापूर,
फेब्रुवारीचा शेवटचा आठवडा

प्रिय सोनू,



तू दोन गोष्टी विचारल्यास. मार्चच्या शेवटी गुलमर्गला पावडर, म्हणजे ताजा कोरडा बर्फ, मिळेल का, आणि तुम्ही चौघं मित्रमैत्रिणी गाईड न घेता गंडोलाच्या, म्हणजे केबल कारच्या, वरच्या टप्प्यावरून उतरलात तर चालेल का. पहिल्याचं उत्तर, मिळेल. नशीब असेल तर भरपूर मिळेल. दुसऱ्याचं उत्तर, नाही. पण नुसत्या ‘नाही’नं तुझं समाधान होणार नाही आणि फोनवर तू ‘हो मामा, हो मामा’ म्हणत पुढच्या विषयाकडे वळतेस. म्हणून सविस्तर लिहितोय.

आधी बर्फाचं. आपल्याकडे समजूत अशी की चिल्ले कलान, म्हणजे 21 डिसेंबरपासूनचे कडाक्याचे चाळीस दिवस संपले की काश्मीरचा हंगाम संपला. तसं नाही. तिथला बर्फ आणतात पश्चिमी चक्रावात. भूमध्य समुद्राच्या बाजूनं ते इराण, अफगाणिस्तान ओलांडत येतात आणि पीर पंजालला अडले की सगळं तिथे रितं करतात. मार्चमध्येही त्यांचं येणं चालूच असतं. अलीकडे तर बर्फाची वाट मार्चपर्यंत बघावी लागते आहे. 2024 च्या जानेवारीत गुलमर्गचं मैदान उघडं, तपकिरी पडलं होतं. 2025 मध्ये खेलो इंडिया हिवाळी स्पर्धांचा तिथला टप्पा फेब्रुवारीत व्हायचा होता, तो बर्फाअभावी पुढे ढकलला आणि 9 ते 12 मार्चला झाला. स्की भाड्यानं देणारे, स्लेज ओढणारे, छोटी हॉटेलं चालवणारे यांचं वर्षाचं गणित बर्फाच्या दोनतीन महिन्यांवर असतं. तू मार्चमध्ये जाशील तेव्हा त्यांच्याशी बोल. घासाघीस करू नकोस.

मार्चमध्ये पावडर मिळण्याचं दुसरं कारण उंचीचं. गुलमर्ग सुमारे 2,650 मीटरवर आहे. आपली कळसूबाई 1,646 मीटर, म्हणजे तिच्याही हजार मीटर वर. गंडोलाचा पहिला टप्पा कोंगडोरीला, सुमारे 3,100 मीटरवर सोडतो आणि दुसरा अफरवत डोंगराच्या खांद्यावर, जवळजवळ 3,950 मीटरवर. हजार मीटर चढलं की हवा साधारण साडेसहा अंशांनी गार होते. त्यामुळे खाली तंगमर्गला पाऊस लागलेला असतो तेव्हा त्याच ढगातून वर कोरडा, हलका बर्फ पडत असतो.

पण या बर्फाला आयुष्य थोडं. ताज्या पावडरमध्ये नव्वद टक्क्यांहून जास्त नुसती हवा असते. मुठीत दाबला तर गोळा होत नाही, फुंकर मारली तर उडतो. जानेवारीत तो आठवडाभर तसाच राहील. मार्चमध्ये सूर्य वर आलेला असतो, त्यात गुलमर्ग आल्प्सपेक्षा किती तरी दक्षिणेला. सकाळी भुसभुशीत असलेला उतार दुपारी ओला आणि जड होतो, रात्री गोठतो, आणि दुसऱ्या सकाळी त्यावर कडक पापुद्रा असतो. उत्तरेकडे तोंड असलेल्या, सावलीतल्या उतारांवर थोडा जास्त टिकतो एवढंच.

हा बदल ओळखणं ही तिथल्या माणसाची विद्या. तू लहानपणी आजोबांबरोबर गुऱ्हाळावर जायचीस. काहिलीतला पाक रटरटत असायचा आणि गुळव्या त्यातला थोडा गार पाण्यात टाकून बोटांनी त्याची गोळी करून बघायचा. काहील उतरवायची वेळ तो सांगेल तीच. उसाचा मालक शेजारी उभा असला तरी मधे बोलायचा नाही. तंगमर्गकडचा आमचा गाईड बर्फाला तसाच हात लावतो. निघण्याआधी फावड्यानं खड्डा खणतो, खड्ड्याच्या भिंतीवरून बोट फिरवत थर तपासतो, बर्फाचा एक चौकोनी खांब मोकळा करतो, त्यावर फावड्याचं पातं ठेवून तळहातानं थापट्या मारतो. आधी हलक्या, मग जोरात. किती थापट्यांना आतला थर निसटतो आणि किती स्वच्छ निसटतो, यावर त्या दिवशीचा रस्ता ठरतो. हे बघायला शीक. नुसतं बघण्यासाठी का होईना, गाईड घे.

आता उतरण्याबद्दल, कारण तू त्यासाठीच चाललीयस. बेसिक कोर्समध्ये तू दाबून सपाट केलेल्या उतारावर शिकलीस. तिथे बाहेरच्या पायावर भार देऊन स्कीची कड रोवायची आणि वळायचं. पावडरमध्ये तसं केलंस तर भाराची स्की बुडेल, दुसरी वर राहील आणि तू तोंडावर पडशील. दोन्ही पायांवर सारखा भार ठेव, पाय जवळ घे आणि एका लयीत खाली-वर हो. खाली दबलीस की बर्फच तुला वर उचलून देतो. त्या हलक्या क्षणी वळायचं. मागे रेलू नकोस. उतार बघून पोटात गोळा येईल, पण गुडघाभर बर्फ सतत वेग खात असतो, त्यामुळे मंद उतारावरच माणूस अडकून बसतो. रुंद स्की भाड्यानं मिळतात, त्याच घे. पडलीस तर हात टेकून उठता येणार नाही, हात खांद्यापर्यंत आत जातो. दोन्ही पोल फुलीसारखे आडवे ठेव आणि त्यांवर जोर देऊन ऊठ. सुटलेली स्की तू थांबलीस त्या जागेच्या वरच्या बाजूला शोध. लोक खाली शोधत बसतात आणि अर्धी सकाळ घालवतात.

आणि जमलं की, सोनू, तसं सुख मला दुसऱ्या कुठल्या खेळात मिळालेलं नाही. पायाखाली टणक काहीच नसतं. वेग असतो, हादरा नसतो. बर्फ छातीपर्यंत उसळतो, चष्म्यावर येतो, दोन वळणं काही दिसत नाही तरी शरीराला पुढचं वळण ठाऊक असतं. खाली थांबून वर बघावं तर आपली नागमोडी ओळ, तिच्या शेजारी मित्राची, आणि त्या दोन्हींच्या वर अजून कुणी तरी ओरडत येत असतं. घरात आवाज न चढवणारी माणसं तिथे घसा फोडून ओरडतात. मीही ओरडलोय.

आता दुसरा प्रश्न, गाईडशिवाय उतरण्याचा. ज्या उतारावर पावडरची खरी मजा, त्याच उतारावर बर्फाची लादी सुटते: साधारण 30 ते 45 अंश. नवा बर्फ पडल्यानंतरचा पहिला दीड-दोन दिवसांचा काळ सगळ्यात वाईट, वाऱ्यानं एका बाजूला ढीग लावला असेल तर आणखी वाईट, आणि मार्चमध्ये त्यात उन्हाची भर. जीव गेलेल्या बहुतेक अपघातांत ती लादी अडकलेल्या माणसानं किंवा त्याच्याच सोबत्यानं सोडवलेली असते. पूर्ण गाडला गेलेला माणूस पहिल्या दहा मिनिटांत बाहेर निघाला तर बहुधा वाचतो. अर्ध्या तासानंतर ती आशा फार थोडी उरते. स्की पेट्रोल कितीही तत्पर असो, लष्कर जवळ असो, दहा मिनिटांत तुझ्यापर्यंत पोचणारी माणसं म्हणजे तुझे मित्रच. त्यांच्या गळ्यात गाडलेल्याचा संदेश पकडणारा ट्रान्सीव्हर नसेल, पाठीवर फावडं आणि बर्फात खुपसून शोधायची काठी, म्हणजे प्रोब, नसेल, किंवा असूनही ते वापरता येत नसतील, तर त्यांच्या जिवाभावाचा तुला काही उपयोग नाही. कठोर वाटेल, पण मला हेच सांगायचं आहे.

8 फेब्रुवारी 2010 ला गुलमर्गजवळच्या खिलनमर्गच्या बाजूला हिमस्खलनात लष्कराच्या हाय अल्टिट्यूड वॉरफेअर स्कूलचे 17 जवान गेले. ही शाळा 1948 मध्ये स्की शिकवण्यासाठीच सुरू झाली होती. देशात बर्फ जाणणारी माणसं घडवणारी ती जागा. सैनिक टाकळीसारखं जवानांचं गाव ज्या जिल्ह्यात आहे त्या जिल्ह्यातल्या आपल्याला अशी बातमी कधीच लांबची वाटत नाही. पुढे फेब्रुवारी 2023 मध्ये अफरवतवर दोन पोलिश स्कीअर गेले, फेब्रुवारी 2024 मध्ये एक रशियन. गंडोलानं बसल्याजागी वर पोचवलं म्हणून तो डोंगर सहलीची जागा होत नाही. पेट्रोलच्या नजरेखालचा उतार वेगळा आणि दोरी ओलांडून पलीकडे जाणं वेगळं.

इयन मॅकॅमन नावाच्या अमेरिकन संशोधकानं तिथल्या हौशी लोकांच्या 715 हिमस्खलन अपघातांचा अभ्यास केला. लोक का सापडले? धोक्याची चिन्हं दिसत नव्हती म्हणून नव्हे. उतार ओळखीचा होता, गटातला एक जण जाणकार वाटत होता, आधी ठरवलेलं मोडवत नव्हतं, दुसरे लोक आधीच उतरत होते, आणि ताजा बर्फ दुसऱ्यानं आधी उधळू नये अशी घाई होती. मार्चची पावडर दुपारपर्यंतचीच, म्हणजे ही घाई तिथे दुप्पट. त्यात आपण कोल्हापूरचे. आपल्या दोस्तीत शब्द टाकला की माणूस मागेपुढे बघत नाही. या गुणावर माझं प्रेम आहे. महापुरात आपल्याच पोरांनी घराघरातून माणसं काढली. पण पावडरच्या उतारावर कुणी तरी एकानं पाय रोवून ‘मी येत नाही’ म्हणायला हवं, आणि बाकीच्यांनी ते लगेच ऐकायला हवं.

गुलमर्गला गेलेल्या आमच्या गटात ते नाही म्हणण्याचं काम गडहिंग्लजच्या एका शाळामास्तरानं केलं. स्कीवर तो आमच्यात सगळ्यात कच्चा. सतत बर्फ पडून वरचा टप्पा बंद होता, मग एका सकाळी आभाळ उघडलं आणि आम्ही वर गेलो. धारेपलीकडे परदेशी मुलांचा एक गट आधीच निघालेला, त्यांच्या ओळी लखलखत होत्या. गाईडचा खड्डा खणून झाला होता. खांब लवकर निसटला होता, आणि तो आमच्याकडे बघत गप्प उभा होता. मास्तर म्हणाला, ‘मला हे बरं वाटत नाही. मी पलीकडे येत नाही.’ कुणीही ‘चल की, काय होत नाही’ म्हटलं नाही. आम्ही सगळे फिरलो.

ते परदेशी लोक सुखरूप उतरले. संध्याकाळी भेटले, फोटो दाखवले, फार सुंदर होते. तरीही मास्तरचं बरोबर होतं, आणि हे तुला नीट समजावं म्हणून मी इतकं लांब लिहितोय. लादी सुटली नाही म्हणून तो उतार चांगला ठरत नाही. अशा निर्णयाला शाबासकी कधीच मिळत नाही, कारण जे झालं नाही ते कुणाला दिसत नाही. शाबासकीशिवाय पुन्हा पुन्हा तोच निर्णय घेऊ शकणारी माणसं सोबत हवीत. गिर्यारोहक कस्तुरी सावेकर आपल्या गावची. 2021 मध्ये खराब हवामानामुळे एव्हरेस्टवरून माघारी आली आणि 2022 च्या मेमध्ये माथ्यावर पोचली. गावानं मिरवणूक दुसऱ्या वर्षीची लक्षात ठेवली. मला पहिल्या वर्षीची माघारही तेवढीच मोठी वाटते.

त्या दिवशी आम्ही पेट्रोलच्या हद्दीतून कोंगडोरीला आलो आणि तिथून पुढे देवदारांच्या जंगलातून बाबा रेशींच्या दर्ग्याकडे उतरलो. जंगलात वारा शिरत नाही, त्यामुळे बर्फ तसाच मऊ राहिला होता. झाडांत वेगळा धोका असतो: बुंध्याभोवती बर्फ पोकळ असतो, त्यात डोक्यावर पडलेला माणूस एकटा निघू शकत नाही. म्हणून जोडीजोडीनं जायचं आणि आवाज देत राहायचं. आमच्यातल्या एकानं ‘ज्योतिबाच्या नावानं’ अशी हाक दिली, खालून ‘चांगभलं’ आलं, आणि मग शेवटपर्यंत तेच चाललं. उत्तर आलं नाही की थांबायचं. गाईड दुसऱ्या दिवशी स्वतःच ‘चांगभलं’ देऊ लागला. खाली दर्ग्यापाशी, पंधराव्या शतकातल्या त्या संताच्या दारात, गुलाबी नून चाय मिळाला. माझ्या आयुष्यातला सगळ्यात चांगला उतार तोच, धारेपलीकडचा नव्हे.

तुझ्या आईला, ताईला, मी समजावतो. पहलगामच्या हल्ल्यानंतर तिच्या मनात जे बसलंय ते मी खोडून काढणार नाही. आपल्या राज्यातली माणसं तिथे गेली, ती भीती खोटी नाही. एवढंच सांगेन की तू रोज संध्याकाळी फोन करशील आणि मुक्कामाचा पत्ता तिच्याकडे असेल. हे दोन्ही पाळ.

आता तुझ्या तिघांबद्दल. तू लिहितेस, तिघंही ‘एकदम डेअरिंगबाज’ आहेत. डेअरिंग कळलं. त्यांतलं कोण नाही म्हणू शकतं, ते कळव.

आणि येत्या रविवारी सकाळी सातला चौघंही मसाई पठारावर या. ट्रान्सीव्हर मी आणतो. एक पोत्यात बांधून वाळक्या गवतात लपवीन. बाकीचे शोधण्याच्या मोडवर टाकून तुम्ही हुडकायचं, आधी आवाजाच्या दिशेनं, मग गुडघ्यावर बसून फुलीत, मग प्रोबनं. गवतात सोपं जातं, तरी पहिल्यांदा सगळ्यांना वेळ लागतो. दहा मिनिटांच्या आत प्रत्येकाला सापडेपर्यंत आपण तिथेच आहोत. पाणी भरपूर आणा, नऊनंतर पठारावर सावली नाही. नाश्ता उतरल्यावर पन्हाळ्यात.

तुझा,
मामा