सायबाच्या बेटावर, चालत!

चालण्याचा सध्या भलताच बोलबाला आहे. मनगटावरचं घड्याळ दहा हजार पावलं मोजतं, नऊ हजार आठशेवर अडकलं की आपण जेवणानंतर हॉलमध्येच चार फेऱ्या मारतो आणि आकडा हिरवा झाला की झोपतो. त्यामुळे 2022 च्या नोव्हेंबरात मी चार दिवसांची रजा टाकली, तेव्हा टीममधल्या सगळ्यांचा एकच प्रश्न होता, ‘कुठला ट्रेक?’ म्हटलं, ट्रेक नाही, वारी आहे. ‘वारी तर आषाढात असते ना?’ म्हटलं, ही डिसेंबरातली. आणि विठोबाची नाही, सेंट फ्रान्सिस झेवियरची!

दरवर्षी 3 डिसेंबरला जुन्या गोव्यात झेवियरचं फेस्त असतं. त्याआधी नऊ दिवस, 24 नोव्हेंबरपासून, नोव्हेना चालते आणि सावंतवाडी, बेळगाव, खानापूर अशा कुठून कुठून माणसं चालत येतात. छोटे छोटे ग्रुप, पुढे एक क्रूस किंवा बॅनर, मागे सामानाची एखादी गाडी. माझी ऑफिसमधली मैत्रीण वेंगुर्ल्याची. तिच्या आई, म्हणजे आमच्या काकू, बरीच वर्षं हे चालणं करतात. त्यांचा ग्रुप समुद्राच्या बाजूने जातो. वेंगुर्ला, शिरोडा, रेडी, तेरेखोल, मग खाडी ओलांडून गोवा. सगळं मिळून ऐंशी-पंच्याऐंशी किलोमीटर. मैत्रिणीने सहज विचारलं, येतेस का? आणि मी लगेच हो म्हटलं.

हो म्हणायला कारण होतं. मी हुपरीची. कोल्हापूर जिल्ह्यातलं हे गाव चांदीसाठी प्रसिद्ध आहे, हे तुम्हाला ठाऊक असेल. तुमच्या घरातल्या बाळाच्या पायातले वाळे किंवा वहिनीचे पैंजण आमच्याकडून आले असण्याची शक्यता बरीच आहे. आमच्या गल्लीत दर दुसऱ्या घरातून ठाकठोक ऐकू येते आणि बायका दारात बसून गप्पा मारत मारत घुंगरं जोडतात. अण्णांचा, म्हणजे माझ्या वडिलांचा, छोटा कारखाना होता. आठ माणसं आणि नववे अण्णा. मालक असूनही सगळ्यात नाजूक जोडकाम तेच करायचे.

त्या वर्षी फेब्रुवारीत अण्णांना अर्धांगवायूचा झटका आला. उजवी बाजू गेली. पाय हळूहळू परत यायला लागला, हात काही येईना. कारखाना चालवायचा की द्यायचा, हा प्रश्न घरात सगळ्यांच्या मनात होता, पण बोलत कोणीच नव्हतं. मी एकुलती एक. पुण्यात नोकरी, फ्लॅटचे हप्ते. एका व्यापाऱ्याने कारखाना मागितला होता आणि त्याला डिसेंबरात उत्तर द्यायचं होतं. विचार करायला चार दिवस हवे होते, आणि लॅपटॉपसमोर बसून तो होत नव्हता.

निघायच्या आधी अण्णांना फोन केला. वाटलं, म्हणतील, आपला देव सोडून हे काय? गावात अंबाबाई असताना! तर ते म्हणाले, ‘गोव्यात त्या बाबाची चांदीची पेटी हाय न्हवं? जोड दिसतोय का, तेवढं बघून ये.’

चपला झिजवणारा देव

पहिला दिवस वेंगुर्ला ते शिरोडा. नकाशात हा रस्ता किनाऱ्याला लागून सरळ दिसतो. प्रत्यक्षात कोकणचा किनारा सरळ कुठेच नाही! डोंगराची एक सोंड समुद्रात घुसते, तिच्यावर चढायचं, वर सपाट तांबडा कातळ, की लगेच उतार, खाली माडांची वाडी आणि खाडी. पुन्हा चढ. मोचेमाडपर्यंत माझे जिमचे सगळे फंडे संपले होते. काकू वयाने माझ्या दुप्पट, पायात साधी स्लिपर, हातात रोझरी. प्रार्थना म्हणत चालायच्या आणि मधेच मागे वळून मला सांगायच्या, ‘गो चेडवा, पाणी पी वायच!’

वाटेत आरवलीला वेतोबाचं देऊळ लागतं. हा देव रात्री गावाची राखण करत फिरतो आणि फिरून फिरून त्याच्या चपला झिजतात, अशी श्रद्धा. म्हणून नवसाला त्याला चपला वाहतात. केवढ्या? आपल्या दोन पायांत मावणार नाहीत एवढ्या! मी कोल्हापूरची, चपलांचं कौतुक आम्हाला शिकवायला नको, पण त्या बघून थक्क झाले. आमच्या ग्रुपमधल्या दोघी आजी देवळाच्या बाहेर थांबल्या आणि वेतोबाला हात जोडून पुढे निघाल्या. मी काकूंकडे बघितलं. त्या म्हणाल्या, ‘तो पण चालणारोच मरे!’

रात्री शिरोड्याला मुक्काम. वि. स. खांडेकर जिथे मास्तर होते आणि 1930 मध्ये जिथे मिठाचा सत्याग्रह झाला, ते हे शिरोडा. मी मात्र इतिहास वगैरे बाजूला ठेवून पायाचे फोड मोजत बसले होते. अण्णांना फोन केला. माझ्या घड्याळात तीस हजारांच्या वर पावलं पडली होती. ते म्हणाले, ‘मी आज चाळीस. सोप्यातनं दारापतुर आनि परत.’ त्यानंतर रोज रात्री आम्ही एकमेकांना आकडे सांगायचो.

खाडीपलीकडचे प्रश्न

दुसऱ्या दिवशी रेडीची तांबडी धूळ खात तेरेखोल. सावंतवाडीकरांनी बांधलेला हा किल्ला पोर्तुगीजांनी 1746 मध्ये घेतला. आत सेंट अँथनीचं चॅपल आहे. 1954 च्या 15 ऑगस्टला गोवामुक्तीच्या सत्याग्रहींनी इथे तिरंगा लावला होता. किल्ल्याखालून फेरीबोट धरली की पाच-दहा मिनिटांत केरी. आणि मग समुद्र उजव्या हाताला ठेवत हरमल, मांद्रे.

बोटीत मी मैत्रिणीला मनातला प्रश्न विचारून टाकला. याच झेवियरने 1546 मध्ये पोर्तुगालच्या राजाला पत्र लिहून गोव्यात इन्क्विझिशन मागितलं होतं. ते त्याच्या मृत्यूनंतर, 1560 मध्ये सुरू झालं आणि 1812 मध्ये कायमचं बंद झालं. त्याने किती घरं देशोधडीला लावली, ते गोव्यात कोणालाही विचारा. मग माझ्यासारखीने या माणसाकडे चालत का जावं? ती चिडली नाही. म्हणाली, ‘मला पण हे ठाऊक आहे गं. कॉलेजात वाचलं तेव्हा दोन वर्षं मी चाललेच नाही. आई चालत राहिली. तिने ते पत्र वाचलेलं नाही. माझ्या जन्माच्या वेळी ती अडली होती, तेव्हा तिने सायबाला बोलावलं, एवढंच तिला माहीत.’ पुढे बराच वेळ आम्ही दोघी गप्प चाललो. माझा प्रश्न सुटला नाही. पण त्या प्रश्नासकट चालता येतं, हे लक्षात आलं.

आणि गोव्याचं गणित वेगळंच आहे! तिसऱ्या दिवशी शिवोली करून म्हापशाला पोचलो. तिथल्या चर्चमधली मिलाग्रिस सायबीण ही शिरगावच्या लईराईची बहीण मानली जाते. सात बहिणींपैकी एक. तिच्या फेस्ताला हिंदू तेल घेऊन जातात. धर्म बदलला तरी बहिणी बहिणीच राहिल्या, असं काहीसं.

बेट आहे, पण दिसत नाही

चौथ्या दिवशी पर्वरीचा उतार संपला आणि मांडवीवरचा पूल आला. काकू थांबल्या, सगळ्यांना एकत्र केलं. म्हणाल्या, ‘आता सायबाचा बेट.’ मी म्हटलं, बेट? पणजी? हो, बेटच! तिसवाडी तालुका एका बाजूने मांडवी, दुसऱ्या बाजूने जुवारी आणि मागून कुंभारजुव्याचा कालवा, असा चारी बाजूंनी पाण्यात आहे. पोर्तुगीज त्याला ‘इल्हास’ म्हणायचे, म्हणजे बेटं. आपण इतक्या वेळा गाडीने पुलावरून भुर्रकन जातो, आपल्याला पत्ताच लागत नाही.

बेटावर चालत जायची ही हौस जगभर आहे म्हणे. इंग्लंडच्या उत्तरेला लिंडिसफार्न नावाचं बेट आहे. ओहोटी लागली की वाळूत रोवलेल्या खांबांच्या रांगेने यात्रेकरू अनवाणी पलीकडे जातात. भरतीच्या आत पोचलं नाही, तर खरंच पंचाईत! आपल्याकडे पूल झाल्याने ती भीती गेली. पण पूलही कायमचे नसतात. मांडवीवरचा पहिला पूल 1986 च्या जुलैत कोसळला, आणि पणजी-रायबंदरचा 1630 च्या दशकातला दगडी बांध अजून उभा आहे. आम्ही त्याच्यावरूनच गेलो. एका बाजूला नदी, दुसऱ्या बाजूला मिठागरं, आणि पाठीमागून येणारे आणखी कितीतरी ग्रुप.

स्वतः झेवियर बेटावरच गेला. चीनच्या किनाऱ्यासमोरच्या शांगचुआन बेटावर, चीनला नेणाऱ्या बोटीची वाट बघत, 3 डिसेंबर 1552 रोजी. देह मलाक्कामार्गे 1554 मध्ये गोव्यात आला. 1614 मध्ये त्याचा उजवा हात कोपरापासून कापून रोमला पाठवला. तो अजून तिथल्या जेझू चर्चमध्ये आहे. हे मी रायबंदरला बसल्या बसल्या अण्णांना फोनवर सांगितलं. पलीकडे जरा शांतता. मग म्हणाले, ‘म्हंजे त्याचाबी उजवाच गेला की!’ आणि हसायला लागले. फेब्रुवारीनंतर त्यांचं असं हसणं मी पहिल्यांदाच ऐकलं.

पेटीचा जोड

बाँ जेझूस बॅसिलिकात शिरायला मोठी रांग होती. आत गेल्यावर गर्दी थांबू देत नाही. झेवियरची पेटी गोव्यातल्या चांदी कारागिरांनी 1636-37 मध्ये घडवली. तिच्यावर त्याच्या आयुष्यातले प्रसंग कोरलेले आहेत. खालचा संगमरवरी चौथरा टस्कनीच्या ग्रँड ड्यूकने पाठवला, फोज्जिनी नावाच्या फ्लॉरेन्सच्या शिल्पकाराचा, 1698 मध्ये बसवलेला. त्या चौथऱ्यावर पेटी इतकी उंच ठेवली आहे, की मान मोडेपर्यंत बघितलं तरी जोड दिसणं शक्य नाही. मोबाइलवर झूम करून बघितलं, तर नुसती चमक. शेजारी काकू डोळे मिटून उभ्या होत्या. मी मात्र देहाकडे नाही, पेटीकडे बघत होते. कुणीतरी फुंकर मारत, श्वास रोखून, एकेक पत्रा बसवला असणार. त्यांच्या घरात पुढे ते काम कोणी केलं असेल का? सायबाला मागायचं काही मी ठरवून आले नव्हते. तिथे उभं राहून एवढंच कळलं, की मला कारखाना चालवायचा नाही, आणि हे अण्णांना मीच सांगायला हवं. व्यापाऱ्याच्या तोंडून त्यांना ते कळता कामा नये.

फेस्त आटोपून, जत्रेतलं खाजं घेऊन रविवारी थेट हुपरी गाठली. अण्णा सोप्यात बसले होते. म्हटलं, ‘जोड नाही दिसला. लई उंचावर आहे.’ ते म्हणाले, ‘लांबनं दिसत न्हाई म्हंजे काम चांगलं हाय.’ मग मी कारखान्याचं सांगितलं. त्यांनी खाज्याचा तुकडा डाव्या हाताने मोडला, आईला दिला, आणि म्हणाले, ‘ते मला ठाऊक होतं. तू कवा सांगतीस, त्याचीच वाट बगत हुतो.’

पुढच्या मार्चमध्ये कारखाना गेला. आठही माणसं त्याच जागी कामावर राहतील, एवढी एक अट अण्णांनी घातली आणि ती पाळली गेली. अण्णांनी स्वतःची ऐरण मात्र दिली नाही. ती सोप्यात आहे.

तुम्हाला जायचं असेल, तर मनापासून सांगते, जा. धर्म कोणी विचारत नाही. ओळखीचा ग्रुप बघा, कारण मुक्कामाची सोय तेच करतात. बूट नवे नकोत. पहाटे पाचला निघायचं, अकराच्या आत सावली गाठायची, कारण नोव्हेंबर असला तरी किनाऱ्यावरचं ऊन भाजून काढतं. 2024-25 मध्ये दर दहा वर्षांनी होणारा पवित्र अवशेषांच्या दर्शनाचा सोहळा झाला, तेव्हा गर्दी अफाट होती. इतर वर्षी जरा निवांत असतं.

अण्णा आता डाव्या हाताने घुंगरं ओवतात. काम हळू होतं आणि त्यांना ते अजिबात पसंत पडत नाही. रात्रीचे आकडे अजून चालू आहेत. परवा ते अंबाबाईच्या देवळापर्यंत जाऊन आले. पावलं मोजायची राहून गेली म्हणाले, येताना ओळखीचे लोक भेटत गेले.