डाळिंब, तेल्या आणि मातीतले औषध

औषधांचा जन्म कारखान्यात होतो, हा सुशिक्षितांतही रूढ असलेला समज सोलापूर जिल्ह्यात सूक्ष्मजीवशास्त्राचा अभ्यास करणाऱ्या माझ्यासारख्याला फार काळ बाळगता येत नाही; कारण येथील डाळिंबाच्या एका झाडापाशी वनस्पतिजन्य आणि सूक्ष्मजीवजन्य अशा दोन्ही औषधांची हकीकत एकत्र येते.

डाळिंबाच्या मुळाची साल जंतांवर देण्याचा प्रघात जुना आहे. १८७८ साली तान्रे या फ्रेंच रसायनज्ञाने त्या सालीतून पेलेटिएरिन हे अल्कलॉइड वेगळे काढले आणि पट्टकृमींवर ते काही काळ प्रचारातही होते. परंतु त्याच्या गुणकारी आणि विषारी मात्रांत अंतर इतके अल्प, की अधिक निर्धोक औषधे हाती येताच ते मागे पडले.

दुसरी हकीकत मातीची. चिमूटभर माती पाण्यात कालवून, तिचे विरल द्रावण पोषक आगरावर पसरले, की काही दिवसांत खडूची भुकटी सांडल्यासारख्या कोरड्या, पांढुरक्या वसाहती उमटतात, त्यांत स्ट्रेप्टोमायसिस या जिवाणू-वंशाचा भरणा असतो. पहिल्या पावसाचा मृद्गंधही बव्हंशी याच वंशाच्या जिओस्मिन नामक द्रव्याचा. १९४३ साली अमेरिकेत रटगर्स येथे वॅक्समन यांच्या प्रयोगशाळेत अल्बर्ट शाट्झ यांनी याच वंशातील एका जातीपासून स्ट्रेप्टोमायसिन मिळवले आणि क्षयरोगावर पहिले प्रभावी प्रतिजैविक उपलब्ध झाले.

तेच औषध पुढे आमच्या डाळिंबाच्या बागांत आले. सांगोला-पंढरपूरकडे तेल्या हा जिवाणूजन्य रोग बागेत शिरला, की पानांवर तेलकट ठिपके पडतात, फळे काळवंडून तडकतात. ठिपक्याच्या कडेचा तुकडा पाण्याच्या थेंबात ठेवून सूक्ष्मदर्शकातून पाहिला, तर कापलेल्या कडेतून जिवाणूंचा दुधट लोट संथपणे बाहेर पडताना दिसतो. डोक्यावर सोसायटीचे कर्ज आणि डोळ्यांदेखत हातचा बहार चाललेला, अशा वेळी नऊ भाग स्ट्रेप्टोमायसिन व एक भाग टेट्रासायक्लिन असलेली पुडी बागायतदाराने फवाऱ्याच्या टाकीत सोडली, तर त्याला दोष देणे मला प्रशस्त वाटत नाही.

तथापि निसर्गाचा हिशेब निराळा आहे. ज्या जिवाने स्ट्रेप्टोमायसिन निर्माण केले, त्याने स्वतः त्याला बळी पडू नये म्हणून ते निष्प्रभ करणारे विकरही आपल्यापाशी बाळगले; म्हणजे औषध आणि त्याचा प्रतिरोध ही दोन्ही मातीत माणसाच्या कितीतरी आधीपासून नांदत आहेत. वारंवार फवारणी झाली, की प्रतिरोधी जिवाणू तेवढे तगतात, आणि प्रतिरोधाची जनुके एका जातीतून दुसरीत जाताना शेत आणि रुग्णालय असा भेद मानीत नाहीत. २०२१ च्या अखेरीस केंद्र सरकारने स्ट्रेप्टोमायसिन व टेट्रासायक्लिन या दोन प्रतिजैविकांच्या शेतीतील वापरावर बंदी घालणाऱ्या हुकुमाचा मसुदा काढला, तो याच भयाने.

परंतु नुसत्या मनाईने बाग वाचत नाही. रोगट फांद्यांची छाटणी, बागेला पुरेशी विश्रांती, बोर्डो मिश्रण आणि निरोगी रोपे यांची तजवीज बांधापर्यंत पोहोचली पाहिजे. मातीतून नवे औषध शोधण्याचा उद्योग मला प्रिय आहे; मात्र एका रेणूचा शोध आणि त्याची पारख यांत वर्षानुवर्षे जातात, म्हणून हाती असलेल्याची उधळपट्टी थांबवणे हाही मी माझ्या संशोधनाचाच भाग समजतो.