नेवाशाच्या वाटेवर

अहिल्यानगरहून, म्हणजे आपल्या जुन्या नगरहून, एस.टी.ने नेवासे फाट्यावर उतरावे, तो हाक येते : ‘भजी गरमाहेत!’ शहरी कानाला वाटते, ‘गरम आहेत’ असे सुटे म्हणायला काय झाले? पण वाचकहो, ‘गरम’मधला शेवटचा ‘अ’ आपण नुसता लिहितो. उच्चारात उरतो ‘म्’, आणि तो पुढच्या ‘आ’च्या गळ्यात पडतो.

ज्या इंग्रजीपुढे आपण मान तुकवतो, तीही हेच करते. ‘ॲन ॲपल’चे बोलताना ‘अनॅपल’ होते. लंडनकडचा माणूस ‘फार’मधला ‘र’ गिळतो. पण पुढे ‘अवे’ आले, की ‘फारवे’त तोच ‘र’ जागा होतो!

मग प्रवरेकाठी पैस खांबापाशी जावे. शके १२१२ मध्ये, इसवी सन १२९० साली, ज्ञानोबांनी इथे ज्ञानेश्वरी सांगितली. तिच्यात ‘देवु’, ‘सागरु’ अशी रूपे भेटतात. पुढे तो उकार झिजला, शेवटचे व्यंजन उघडे पडले, आणि त्याने शेजारच्या स्वराचा हात धरला.

तेव्हा इकडचे पोर शहरात शिकायला येऊन असे बोलले, तर त्याला गावंढळ म्हणून हसू नये. घाईत आपणही ‘घराहे’च म्हणतो, ऐकून पाहावे.