माझी कादंबरी, माझेच गठ्ठे

पहिली आवृत्ती हजार प्रतींची काढली, ती निव्वळ हव्यासापोटी. छापखानेवाल्यानं हिशेब मांडून दाखवला होता. पाचशे काढल्या तर प्रत दीडशेला पडते, हजार काढल्या तर एकशे दहाला. प्रतीमागं चाळीस रुपये वाचवायच्या नादात मी ३५ हजार रुपये जादा घातले आणि न खपणाऱ्या पाचशे प्रती घरात आणून ठेवल्या.

इचलकरंजीच्या यंत्रमागांवरची ही कादंबरी. प्रकाशकांकडून साभार परत आली, तेव्हा चिडून ठरवलं की आपणच काढायची. प्रकाशक म्हणजे कागद आणून छापून देणारा माणूस, एवढीच माझी समजूत. आयएसबीएन क्रमांक दिल्लीच्या राजा राममोहन रॉय एजन्सीकडून फुकट मिळतो. मी त्यासाठी एका एजंटाला पैसे मोजले. मजकूर ३०६ पानांचा झाला आणि छपाईचा फॉर्म १६ पानांचा. वीस फॉर्म धरले, शेवटी चौदा कोरी पानं. सहा-सात परिच्छेद कापून दोन पानं कमी केली असती तर एकोणीस फॉर्ममध्ये काम भागलं असतं, पण स्वतःच्या वाक्यांवर कात्री चालवायची म्हटलं की माझा हात थरथरतो. मुद्रितंही मीच तपासली. युनिकोडमधला मजकूर डीटीपीवाल्याच्या फॉन्टमध्ये नेताना कित्येक ठिकाणी रफार शेजारच्या अक्षरावर जाऊन बसले होते. मला ते दिसले नाहीत, कारण मी समोरचं पान वाचत नव्हतो, मनातलं वाचत होतो.

वितरकाचं गणित तर छापून झाल्यावर कळलं. किंमत ३०० रुपये, त्यात त्याची निम्मी सवलत. उरलेल्या दीडशेतून छपाई वजा जाता चाळीस, त्यातून वाहतूक. आणि तेही उधारीवर, न खपलेल्या प्रती परत घेण्याच्या बोलीवर. माझ्या दोनशे प्रती वर्षभर फिरून, कोपरे दुमडून परत आल्या.

अमीश त्रिपाठींनी २०१० साली ‘द इमॉर्टल्स ऑफ मेलुहा’ ही कादंबरी आली तेव्हा पहिलं प्रकरण छापून पुस्तकांच्या दुकानांतून फुकट वाटलं होतं. ती युक्ती मी उचलली. एका फॉर्मची पुस्तिका काढून पुण्यातल्या दुकानांत ठेवली. तिथं कुणी हात लावला नाही. माझा आतेभाऊ खर्चीवाला, म्हणजे दुसऱ्याच्या सुतावर मजुरीनं कापड विणून देणारा. त्यानं उरलेला गठ्ठा नेऊन सुताला खळ देणाऱ्या सायझिंगबाहेरच्या चहाच्या गाड्यांवर ठेवला. मला ते कमीपणाचं वाटलं होतं, हे लपवत नाही. माझ्या डोळ्यांपुढं वाचक म्हणजे समीक्षक आणि ग्रंथालयाची खरेदी समिती.

आठवडाभरात फोन सुरू झाले. पहिलाच एका जॉबरचा, म्हणजे माग दुरुस्त करणाऱ्याचा.

“सर, तुमच्यात कांडी उडून कामगाराचा डोळा जातोय. कांडी कशी उडंल? ती धोट्याच्या पोटात असती. उडतोय धोटा.”

“चुकलं माझं.”

“ते ऱ्हाऊ दे. पुढं काय हुतंय त्याचं? पुस्तक कुठं मिळंल?”

अशी कादंबरी खपत गेली. ताण्याची सुतं ओवणाऱ्या वहीफणीवाल्या बायकांनी वर्गणी काढून एक प्रत घेतली आणि ती गल्लीभर फिरली. कामगारांनी चुका काढल्या, त्या मी वहीत उतरवत गेलो. हजार प्रती संपायला दोन दिवाळ्या गेल्या, पण संपल्या. दुसरी आवृत्ती डिजिटलवर तीनशेचीच काढली. प्रत महाग पडली, तरी आधी पैसे घेऊन मागणीपुरती छापल्यामुळं गठ्ठे घरात आले नाहीत. पुढं, कादंबरी साभार परत पाठवणाऱ्यांपैकी एका प्रकाशकाचं विचारणा करणारं पत्र आलं. नकार देताना मजा वाटली, हेही खरं. तो नकार शहाणपणाचा होता की नुसता अहंकार, याची मात्र आजही खात्री नाही. दुकानांच्या काचेत माझं पुस्तक अजून दिसत नाही, ते प्रकाशकामुळं दिसलं असतं.

सध्या तिसरी आवृत्ती चालू आहे. चौदा कोरी पानं काढून टाकली, धोटा जागेवर आला. उधारीवर मात्र आता कुणालाच प्रत मिळत नाही, सख्ख्या मेव्हण्यालासुद्धा.